मराठीतून जपानी शिकताना

जपानी शिकायला घेतली की पहिले काही आठवडे अक्षरं गिरवण्यातच जातात. हिरागाना लिपीची ४६, काताकाना लिपीची ४६. वर्गात समोर हिरागानाचा मोठा तक्ता लावलेला असायचा आणि आम्ही सगळे रोमन अक्षरांच्या आधारानं तो घोकत असू. घोकता घोकता माझ्या लक्षात आलं, की हा क्रम तर मला लहानपणापासून पाठ आहे. पहिली ओळ अ, इ, उ, ए, ओ. त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली वर्णमाला घशातल्या क पासून निघते, ओठांवरच्या म पर्यंत येते आणि मग य-र-ल-व कडे वळते. हाही क्रम तसाच, फक्त च च्या जागी स आणि प च्या जागी ह.

आमच्या बाईंना आम्ही जपानी रीतीनं सेन्सेइ म्हणत असू. त्यांना याबद्दल विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी हरखून गेले. जपानी बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत ध्वनी शिकत. कूकाइ नावाचे भिक्षू ८०४ साली चीनला गेले आणि ८०६ मध्ये परतले ते मंत्रविद्येचे ग्रंथ आणि मंत्र लिहिण्याची सिद्धम लिपी घेऊन. त्यांच्या शिंगोन पंथात आजही मंत्राक्षरं सिद्धममध्येच लिहितात. या अभ्यासातून पुढच्या काळातल्या भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनीही संस्कृतच्या पद्धतीनं मांडले आणि त्यातून हा तक्ता आला. ह ची ओळ जुन्या जपानीत प ची होती आणि स चा उच्चारही च-त्सच्या जवळचा असावा, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मला जे दोन अपवाद वाटले होते तेही मुळात अपवाद नव्हते.

त्या दिवसापासून मी वहीतली रोमन अक्षरं बंद केली आणि जपानी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहायला लागले. याचा फायदा किती झाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानीत एक अक्षर आहे, ते रोमनमध्ये नुसतं 'एन' म्हणून लिहितात. त्याचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. प-ब-म च्या आधी तो म होतो, क-ग च्या आधी ङ होतो. रोमनमधून शिकणाऱ्यांना यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो. आपल्याकडे त्याला अनुस्वार म्हणतात आणि 'अंक', 'संत', 'संप' हे तीन शब्द म्हणताना आपण तो नियम विचार न करता पाळतो. वर्तमानपत्र म्हणजे 'शिंबुन', संबंध म्हणजे 'कांकेइ'. मी फक्त टिंब द्यायचे, जीभ आपोआप योग्य ठिकाणी जायची.

तसंच च चं. मराठीत 'चिमटा'मधला च वेगळा आणि 'चूल'मधला वेगळा. जपानीच्या त च्या ओळीत हे दोन्ही च शेजारी शेजारी येतात: ता, चि, त्सु, ते, तो. यातला 'त्सु' म्हणजे आपल्या चुलीचा च. वर्गातल्या ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती त्यांना 'त्सुकि' म्हणजे चंद्र म्हणताना कष्ट पडत, आम्हाला पडत नसत. जोडाक्षरांचंही तेच. 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. 'चक्क', 'गप्प', 'हट्ट' म्हणणाऱ्या माणसाला हा फरक कानानं कळतो.

अडलं ते ऱ्हस्व-दीर्घापाशी. आपल्या ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ अशा जोड्या नाहीत, आणि इ-उ ची लांबी आपण शुद्धलेखनात जितकी सांभाळतो तितकी बोलण्यात सांभाळत नाही. जपानीत मात्र 'कोको' म्हणजे इथे आणि दोन्ही ओ लांबवले की 'कोऽकोऽ', म्हणजे अकरावी-बारावीच्या आसपासच्या वर्गांची शाळा. 'ओबासान' मावशी किंवा काकू, 'ओबाऽसान' आजी. मी वहीत लांबवलेल्या स्वरापुढे अवग्रह द्यायला सुरुवात केली. आपण 'आईऽऽ' अशी हाक लिहितो, तोच ऽ. तो दिसला की तिथे एक मात्रा जास्त थांबायचं. स्वरांचा चढउतार हे आणखी एक प्रकरण. 'हाशि' हा शब्द टोकियोच्या बोलीत वरून खाली उतरला तर जेवायच्या काड्या, खालून वर चढला तर पूल. यात मराठीची काही मदत होत नाही. तिथे फक्त ऐकायचं, पुन्हा ऐकायचं आणि मागोमाग म्हणायचं.

व्याकरण सुरू झालं तेव्हा आमच्यापुढे इंग्रजीतली टिपणं आली. परक्या भाषेचं शिक्षण बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेनंच आपल्यापर्यंत येतं, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. जपानी वाक्य, खाली त्याचं इंग्रजी, आणि मग क्रियापद शेवटी का, विशेषण-वाक्य नामाच्या आधी का, शब्दांना मागून चिकटणारे हे छोटे प्रत्यय कशासाठी, याची लांबलचक स्पष्टीकरणं. एका संध्याकाळी वर्गात असंच एक लांब वाक्य आलं आणि सगळे शब्दांची उलटापालट करत बसले. सेन्सेइ थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजी बाजूला ठेवा बघू. आहे त्या क्रमानं एकेक शब्द मराठीत म्हणत जा."

वाक्य होतं: 'वाताशि वा किनोऽ तोमोदाचि गा कुरेता होन ओ योन्दे इमास.'

वाताशि वा, मी. किनोऽ, काल. तोमोदाचि गा, मैत्रिणीनं. कुरेता, दिलेलं. होन ओ, पुस्तक. योन्दे इमास, वाचते आहे.

मी काल मैत्रिणीनं दिलेलं पुस्तक वाचते आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. इंग्रजीत हेच वाक्य करायला पुस्तक आधी आणावं लागतं, देणारी मैत्रीण मागे न्यावी लागते आणि मध्ये बहुतेकदा एक संबंधी सर्वनाम घालावं लागतं. आमच्यातले निम्मेअधिक लोक मराठी बोलणारे होते आणि तरीही आम्ही मराठीतून जपानीकडे थेट न जाता मध्ये इंग्रजीला वळसा घालत होतो.

त्यानंतर मी व्याकरणाची वही नव्यानं सुरू केली. डावीकडे जपानी, उजवीकडे मराठी, आणि इंग्रजी कुठेच नाही. षष्ठीच्या चा-ची-चे ऐवजी जपानीत एकटा 'नो'. त्याला लिंग नाही, वचन नाही. 'वाताशि नो' म्हटलं की माझा, माझी, माझे, माझ्या सगळं आलं. ठिकाणाच्या 'त' साठी कधी 'नि', कधी 'दे'. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का'. 'इकिमास का?' जाता का? ही दोन 'का' कुठल्याही नात्यानं जोडलेली नाहीत, दोन्ही भाषांची कुळं वेगळी आहेत. पण कानाला जी ओळख पटते ती पटतेच. वाक्याच्या शेवटी 'ने' लावला की आपलं 'ना': 'सामुइ देसु ने', थंडी आहे ना.

सगळ्यात जास्त रमले ते 'ते' रूपात. जपानी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, 'ते' रूप हा पहिला मोठा चढ. कारण ते तयार करायचे नियम बरेच आहेत. काकुचं काइते, योमुचं योन्दे, मात्सुचं मात्ते, हानासुचं हानाशिते, आणि इकुचं नियम सोडून इत्ते. आपल्याकडे सगळ्यांना एकच ऊन लागतो: लिहून, वाचून, थांबून, बोलून, जाऊन. म्हणजे रूप घडवायला त्रास, पण ते वापरायचं कुठे हे मराठी माणसाला शिकवावंच लागत नाही. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणे, हेच क्रियापद. 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं, संपवून टाकलं, आता काही उपाय नाही. इंग्रजी टिपणात या प्रत्येकासाठी 'प्रयोग करून पाहण्याच्या अर्थी', 'पुढच्या तयारीसाठी आधीच करण्याच्या अर्थी' असे मथळे होते. मला उजव्या बाजूला दोन शब्द लिहिले की पुरत होतं.

घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. घरातलं माणूस उत्तर देतं 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला ते इतकं आवडलं, की ती बरेच दिवस मला 'इत्तेराश्शाइ' म्हणूनच निरोप द्यायची.

आणि 'म्हणे'. ऐकीव गोष्ट सांगताना आपण वाक्याला 'म्हणे' जोडून मोकळे होतो: तो येतोय म्हणे. ही बातमी माझी नाही, ऐकलेली आहे, एवढं त्या एका शब्दात येतं. जपानीत रोजच्या बोलण्यात तिथे 'त्ते' येतो: 'कुरु त्ते'. जरा नीट बोलायचं तर 'कुरु सोऽ देसु'. दोन्ही वाक्याच्या शेपटाला, 'म्हणे'च्याच जागी.

मराठीच्या आधारानं सगळं सोपं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. 'देणे' या एका क्रियापदावर आमचे कितीतरी तास गेले. जपानीत माझ्याकडून बाहेर जाणारं देणं वेगळं आणि माझ्याकडे येणारं देणं वेगळं. सेन्सेइंनी आम्हाला गोल उभं केलं आणि एक पेन हातात दिलं. मी शेजारणीला दिलं तर 'आगेमास'. तिनं मला दिलं तर 'कुरेमास'. तेच मी माझ्या बाजूनं 'मला मिळालं' असं सांगितलं तर 'मोराइमास'. पेन फिरत राहिलं आणि प्रत्येकानं आपल्या जागेवरून वाक्य म्हणायचं. मग त्यांनी विचारलं, "हिनं तुमच्या बहिणीला दिलं तर?" उत्तर 'कुरेमास'. कारण बहीण माझ्या बाजूची, तिला मिळालं म्हणजे जणू मलाच मिळालं. क्रियापद निवडायच्या आधी बोलणाऱ्यानं ठरवायचं, कोण आपल्या आत आणि कोण बाहेर. मराठीतही आपण हा भेद मनात करतोच, पण आपलं व्याकरण तो उच्चारायची सक्ती करत नाही. जपानी करतं. भाषा काय सांगू देते यापेक्षा काय सांगायलाच लावते, यात खरा फरक असतो, असं मला त्या गोलात उभं असताना कळलं आणि त्यानंतर प्रत्येक भाषेकडे मी तसंच बघत आले.

मोजणं हाही असाच मुलूख. लांबट वस्तू इप्पोन, निहोन, साम्बोन. सपाट वस्तू इचिमाइ, निमाइ. पुस्तकं इस्सात्सु, निसात्सु. पण माणसं मोजायला लागलो आणि पुन्हा मराठी भेटली. एक माणूस 'हितोरि', दोन माणसं 'फुतारि', तिथून पुढे नियमानं 'सान्निन'. हितोरिचा अर्थ एक जण आणि एकटा असा दोन्ही. फुतारि म्हणजे आपलं दोघं. आपण दोघं, तिघं, चौघं इथपर्यंत जातो आणि मग पाच जणांवर येतो. माणसांना वस्तूंसारखं मोजायचं नाही, हे दोन्ही भाषांनी आपापलं ठरवलेलं.

मोठ्या आकड्यांना मात्र वेगळा सराव लागला. आपण हजारानंतर दोन-दोन घरं मोजतो, जपानी चार-चार. दहा हजार म्हणजे एक 'मान', आपला १ लाख म्हणजे त्यांचे १० मान, आणि १ कोटी म्हणजे १००० मान. अजूनही बातम्यांत लोकसंख्या ऐकली की मी आधी मनात शून्यं मांडते. एकवीस, बावीस, एकोणपन्नास असे सुटे शब्द पाठ करायची भानगड मात्र तिकडे नाही. दोन-दहा-एक म्हटलं की २१ झाले.

कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांची, सगळ्यांना धास्ती असते. नेहमीच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजींची यादी २०१० मध्ये सुधारली गेली, तिच्यात २१३६ अक्षरं आहेत. त्यातली १०२६ तिकडची मुलं प्राथमिक शाळेतच शिकतात. गिरवणं मला आवडायचं. 'विश्रांती'चं अक्षर बघा: डावीकडे माणूस, चिंचोळा करून दोन फटकाऱ्यांत काढलेला. उजवीकडे झाड, चार फटकाऱ्यांचं: आधी आडवी रेघ, मग तिला छेदून उभी, मग डावीकडे उतरती, शेवटी उजवीकडे उतरती. झाडाला टेकलेला माणूस. दोन झाडं शेजारी काढली की राई, एक वर आणि दोन खाली अशी तीन काढली की अरण्य.

कांजी काढणं जमतं, बिकट असतं ते वाचणं. एकाच अक्षराचे दोन उच्चार: एक अस्सल जपानी, दुसरा चिनीतून आलेला. हे का, आणि कुठे कोणता, यावर वर्गात फार चर्चा व्हायची. मला याचंही उत्तर मराठीत मिळालं. आपण एरवी दात म्हणतो, पण डॉक्टर दंतवैद्य. एरवी हात, पण हस्तांदोलन. एरवी पाणी, पण जलतरण. घरात वापरायचा शब्द तद्भव, आणि जोडशब्दात गेला की संस्कृत. जपानीत दात 'हा', पण दंतवैद्य 'शिकाइ'. हात 'ते', पण हस्तांदोलन 'आकुशु', त्यातला शु म्हणजे हात. पाणी 'मिझु', पण जलतरण 'सुइएइ', त्यातला सुइ म्हणजे पाणी. जपानी लोक दोन्हीसाठी एकच अक्षर लिहितात, इतकंच. मी प्रत्येक कांजीसाठी दोन रकाने केले आणि वर लिहिलं 'दात' आणि 'दंत'. अपवाद आहेत, पण सुटा शब्द असेल तर दात आणि जोडशब्द असेल तर दंत, एवढ्या अंदाजावर मी बरीचशी वाक्यं वाचून काढू शकते.

परीक्षेबद्दल थोडक्यात. जपानी भाषा प्राविण्य परीक्षा १९८४ पासून होते, सगळे तिला जेएलपीटी म्हणतात. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी. तिच्यात बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं, पर्याय निवडायचे असतात. एन-३ ला १८० पैकी ९५ गुण लागतात आणि तीनही भागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९. लोक घाबरतात ते श्रवणाच्या भागाला, कारण ध्वनिफीत एकदाच वाजते. तिथे मराठी कानाचा एक गुण उपयोगी पडला. जपानीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो, आणि प्रश्न रचणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असतं. माणूस तीन पर्यायांची स्तुती करतो आणि शेवटच्या शब्दात सगळं फिरवतो. आपणही 'मी उद्याच्या कार्यक्रमाला सकाळी लवकर येणार' इथपर्यंत बोलून मग 'नाही' म्हणतो. वाक्य संपेपर्यंत निर्णय न करण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. तेवढीच जागी ठेवायची. मी एन-३ उत्तीर्ण झाले तेव्हा श्रवणाचे गुण सर्वांत जास्त होते.

पण परीक्षेतली जपानी आणि माणसाशी बोलायची जपानी यांत अंतर असतं. सेन्सेइंच्या सांगण्यावरून मी एका जपानी बाईंशी आठवड्यातून एकदा इंटरनेटवर बोलायला लागले. त्यांना हिंदी शिकायची होती, मला जपानी. त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकले ती ऐकताना आवाज देण्याची. मी बोलत असताना त्या सारख्या 'ऊन', 'एऽ', 'सोऽ देसु का' असं म्हणत राहायच्या. याला जपानीत 'आइझुचि' म्हणतात. आपले हुंकार, 'हं', 'बरं', 'हो का', तसेच, पण कितीतरी दाट. मी गप्प राहून लक्षपूर्वक ऐकत असले तर त्या मध्येच थांबून विचारायच्या, आवाज येतोय ना?

त्या मूळच्या ओकिनावा बेटांवरच्या. एकदा त्यांच्या आजीचा विषय निघाला. आजी घरात जी भाषा बोलत, ती नातीला नीट कळत नव्हती. मी बोली समजून चालले होते. त्यांनी सांगितलं, की ती जपानीची बहीण म्हणावी अशी भाषा आहे, पण टोकियोच्या माणसाला तिच्यातलं अवाक्षर कळणार नाही. जपानीत मनाला, हृदयाला 'कोकोरो' म्हणतात, ओकिनावाच्या भाषेत 'कुकुरु'. ओ चा उ होतो, ए चा इ होतो. एवढा नियम कळल्यावर मला काही शब्द ओळखू यायला लागले आणि त्या बाईंनाही त्याची गंमत वाटली. मग त्यांनी 'होऽगेन फुदा'बद्दल सांगितलं. विसाव्या शतकात तिथल्या शाळांमध्ये कुणी मूल घरची भाषा बोललं, तर त्याच्या गळ्यात शिक्षा म्हणून एक लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी मूल बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यात ठेवायची. त्यांच्या आजीच्या पिढीनं पाटीची ही भीती अनुभवलेली होती. म्हणून मुलांशी त्या जपानीतच बोलल्या, आणि भाषा नातीपर्यंत आलीच नाही.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी इतके दिवस जपान म्हणजे एक देश, एक भाषा असं धरून शिकत होते. युनेस्कोच्या २००९ च्या नकाशासंग्रहात जपानमधल्या आठ भाषा धोक्यात असल्याची नोंद आहे. ओकिनावा ज्यांच्यात येतं त्या रयूक्यू बेटांवरच्या सहा, हाचिजो आणि उत्तरेची ऐनू. ऐनूचं जपानीशी काही नातंच सिद्ध झालेलं नाही आणि तिची नोंद सर्वाधिक धोक्यातल्या भाषांत आहे. तेव्हापासून मी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा नकाशा वेगळ्या नजरेनं बघते. नोबोरिबेत्सुमधला 'बेत्सु' म्हणजे ऐनूतली नदी, वाक्कानाइमधला 'नाइ' म्हणजे ओढा. साप्पोरो हे नावही मुळात ऐनूच. बोलणारी माणसं कमी झाली तरी नद्यांनी नावं सोडली नाहीत. २०२० मध्ये शिराओइ इथे ऐनूंचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. तिथे ऐनू भाषेतल्या पाट्या आहेत हे वाचून बरं वाटलं.

युनेस्कोनं १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला, १९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी प्राण दिलेल्या तरुणांच्या स्मरणार्थ. अशाच एका २१ फेब्रुवारीला निरनिराळ्या भाषा शिकणारे आम्ही काही जण एकत्र जमलो. प्रत्येकानं आपण शिकत असलेल्या भाषेतली, मराठीशी जुळणारी एखादी गोष्ट सांगायची असं ठरलं होतं. ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

इंडोनेशियन शिकणाऱ्या मुलानं 'किता' आणि 'कामि' सांगितलं. ऐकणाऱ्याला धरून असलेलं आपण म्हणजे किता, त्याला वगळून असलेले आम्ही म्हणजे कामि. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा भेद पक्का करायला बराच वेळ लागतो, त्याला पहिल्याच दिवशी जमला. स्पॅनिश शिकणाऱ्या ताई म्हणाल्या, 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं. आवडणारी वस्तू कर्ता, आणि मी 'मला'मध्ये. जर्मन शिकणारे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी अडीच वाजल्याचं उदाहरण दिलं. जर्मनमध्ये 'हाल्ब द्राय', म्हणजे तिसऱ्याचा अर्धा, आणि आपला अडीच संस्कृतातल्या अर्धतृतीयापासून आलेला, म्हणजे तेच. २१ लाही जर्मन आधी एक म्हणते आणि मग वीस. तुर्की शिकणारी एक मुलगी बोलायला उठली आणि तिनं 'म्हणे'चं नाव घेताच मी जागेवरून उठलेच. तुर्कीत 'गेल्दी' म्हणजे आला, 'गेल्मिश' म्हणजे आलाय म्हणे. क्रियापदाच्या आतच 'म्हणे' बसवलेलं. मी तिला 'कुरु त्ते' सांगितलं आणि आम्ही दोघी नंतर कितीतरी वेळ त्याच विषयावर बोलत बसलो.

जगात आज सुमारे ७००० भाषा बोलल्या जातात. त्यातली कुठलीही शिकायला घेतली, तरी तिच्यात काही आपल्या ओळखीचं निघेल आणि काही आपल्याला पूर्णपणे नवं असेल. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे, की ही जुळवाजुळव स्वतःच्या भाषेतून करावी. इंग्रजीतलं स्पष्टीकरण इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणींसाठी लिहिलेलं असतं. त्याला जे अवघड तेच आपल्याला अवघड असेल असं नाही, आणि आपल्याला जिथे खरंच अडतं, त्या ओच्या लांबीबद्दल तिथे एखादीच ओळ असते.

माझ्या वहीच्या प्रती आता सेन्सेइ नव्या वर्गाला देतात. त्यात 'ते' रूपाचं पान सर्वांत मळलेलं असतं, असं त्या सांगतात. नव्या मुलांनी त्यात भरही घातली आहे. कुणी 'करून बस', 'बोलून जा' यांच्यासमोर प्रश्नचिन्ह टाकून जपानी रूप विचारलं आहे, कुणी पाऊस रिपरिप पडतो त्याला 'शितो शितो' आणि धो धो पडतो त्याला 'झाऽ झाऽ' असं लिहून ठेवलं आहे.

सध्या मी एन-२ ची तयारी करते आहे आणि केइगोचं, म्हणजे आदरार्थी भाषेचं पान लिहिते आहे. समोरच्याला उंच करणारी रूपं मराठीत सापडतात: यावं, बसावं, आपण आलात. पण स्वतःला खाली ठेवणारी क्रियापदं, जसं मी येतो म्हणताना वापरायचं 'माइरिमास', यांच्यासमोरचा उजवा रकाना अजून बराच रिकामा आहे. जुन्या पत्रांमधल्या भाषेत काही मिळतंय का ते बघायचं ठरवलंय. सेन्सेइंनी त्यांच्या आजोबांची पत्रं वाचायला दिली आहेत.